समुद्र नसलेल्या देशाची तिजारत : उझबेकिस्तानकडून काय घ्यावे?

समरकंद, बुखारा, ताश्कंद, अंदिजान ही नावे आमच्या पिढीने उर्दू शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात वाचली. बाबर अंदिजानचा. लालबहादूर शास्त्री आणि अयूब खान यांचा करार जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला झाला आणि शास्त्रीजींचे निधनही तेथेच झाले, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण हा देश आज काय विकतो, काय घेतो, त्याचा माल कोणत्या वाटेने बाहेर जातो, याची चर्चा आमच्या व्यापारी बांधवांत क्वचितच होते. वास्तविक कापडाच्या धंद्यातील माणसाने या देशाकडे जरूर लक्ष द्यावे. तो कापसाचा देश आहे. सूत, रुई आणि कापड यांच्या ओढाताणीत आपण जसे अडकलेलो असतो, तसाच तोही अडकलेला आहे. फरक इतकाच की आपल्याजवळ बंदर आहे, त्याच्याजवळ नाही.

भूवेष्टित देश म्हणजे ज्याला समुद्रकिनारा नाही असा देश. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे ३२ विकसनशील देश आहेत आणि त्यांत ५० कोटींहून अधिक लोक राहतात. नेपाळ, भूतान, अफगाणिस्तान ही आपल्या जवळची उदाहरणे. उझबेकिस्तानची स्थिती त्याहून बिकट. त्याच्या पाच शेजाऱ्यांपैकी, म्हणजे कझाकिस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तान यांपैकी, एकालाही खुल्या समुद्राचा किनारा नाही. जहाजापर्यंत पोचायला त्याला किमान दोन देश ओलांडावे लागतात. असा दुहेरी कोंडीचा देश जगात आणखी एकच आहे, युरोपातला चिमुकला लिख्टेनश्टाइन. पण लिख्टेनश्टाइनभोवती श्रीमंत आणि शांत शेजारी आहेत. साडेतीन कोटींहून अधिक लोकवस्तीच्या उझबेकिस्तानला ते भाग्य नाही.

बंदर नसणे म्हणजे काय?

बंदर नसण्याचा अर्थ व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. आपल्या न्हावा शेवा बंदरातून ताश्कंदला एक कंटेनर पाठवायचा आहे असे समजा. तो प्रथम जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला जाईल. तेथून रेल्वेने किंवा ट्रकने सारा इराण ओलांडून सरख्सच्या सरहद्दीवर येईल. तेथे रुळांची रुंदी बदलते. इराणचे रूळ १४३५ मिलिमीटरचे, पूर्वीच्या सोव्हिएत देशांचे १५२० मिलिमीटरचे. म्हणून माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागेल, नाही तर चाके बदलावी लागतील. मग तुर्कमेनिस्तान, आणि त्यानंतर कोठे उझबेकिस्तान. प्रत्येक सरहद्दीवर नवे कागद, नवी तपासणी, नवा साहेब. एका ठिकाणी कंटेनर आठ दिवस अडकला की डेमरेज चढते, व्याज चढते, आणि मोसम टळला की गिऱ्हाईक माल परत करते. शिवाय रिकामा कंटेनर परत आणण्याचे भाडेही मालावरच बसते.

कायद्याने अशा देशांना हक्क आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात भूवेष्टित देशांना समुद्रापर्यंत वाट मिळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की वाटेच्या अटी संबंधित देशांनी आपसात करार करून ठरवाव्यात. म्हणजे हक्क कागदावर आणि किल्ली शेजाऱ्याच्या खिशात. म्हणूनच आम्ही म्हणतो की किनारा नसलेल्या देशाचे परराष्ट्र धोरण आणि व्यापार धोरण ही दोन खाती नसतात. शेजाऱ्याशी बिघडले की पेढी बंद पडते.

कापसाने बांधलेला देश

जुन्या काळी हा मुलूख असा कोंडलेला नव्हता. व्यापार उंटाच्या पाठीवर होता तोवर समुद्र नसण्याची कमतरता जाणवत नव्हती. बुखाऱ्यात हिंदी व्यापाऱ्यांच्या स्वतंत्र सराया होत्या. मुलतानच्या पेढ्यांचे मुनीम तेथे बसत आणि सावकारी करीत. आपल्याकडून सुती कापड आणि नीळ तिकडे जाई, तिकडून घोडे आणि सुका मेवा येई. जहाजाचे भाडे उंटापेक्षा स्वस्त झाले तेव्हा चौरस्ता हळूहळू आडवाट झाला.

नंतर आला कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडची रुई यायची बंद झाली. त्या चार वर्षांत मुंबईचे कापूसवाले रातोरात गब्बर झाले, हे आपण ऐकलेले आहे. त्याच टंचाईने रशियाच्या गिरण्याही हैराण झाल्या होत्या. रशियाने १८६५ मध्ये ताश्कंद जिंकले त्यामागे इतरही कारणे होती, पण कापसाची भूक हे एक ठळक कारण. पुढे रेल्वे आली, १८८८ मध्ये समरकंदपर्यंत पोचली, आणि रुईच्या गाठी उत्तरेला वाहू लागल्या.

सोव्हिएत राजवटीत तर सारा देशच कापसाचे शेत झाला. सोव्हिएत संघाच्या एकूण कापसापैकी निम्म्याहून अधिक कापूस एकट्या उझबेकिस्तानात पिके. पण सूत आणि कापड बहुतांशी रशियात, इव्हानोव्होसारख्या शहरांत तयार होई. कापूस पिकवणारा एक आणि कापडावर कमावणारा दुसरा. हा हिसाब आपल्या वऱ्हाडच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. पाण्यासाठी अमू आणि सीर या दोन्ही नद्या शेतांकडे वळवल्या. अरल समुद्र आटला. मुयनाक हे एके काळचे मासेमारीचे बंदर आज वाळवंटात उभे आहे आणि गंजलेल्या होड्या वाळूत पडून आहेत. समुद्र नसलेल्या देशाजवळ जो एक खारा तलाव समुद्राच्या नावाने होता, तोही कापसाने पिऊन टाकला.

स्वतःच्या हाताने घातलेली कुलुपे

१९९१ मध्ये हा देश स्वतंत्र झाला. राष्ट्राध्यक्ष इस्लाम करीमोव्ह यांनी २०१६ मध्ये निधन होईपर्यंत राज्य केले. स्वातंत्र्यानंतर रशियात आणि कझाकिस्तानात जशी एकदम उलथापालथ झाली तशी त्यांनी होऊ दिली नाही, कारखाने एकदम विकले नाहीत, गव्हाचे उत्पादन वाढवले. हे त्यांच्या बाजूचे. पण व्यापाराच्या बाबतीत जे झाले ते कोणत्याही सरकारने गिरवू नये.

१९९६ च्या सुमारास परकीय चलनाची चणचण पडली तेव्हा सरकारने डॉलर मिळण्यावर निर्बंध घातले. त्यातून एकाच सोमचे दोन भाव झाले, सरकारी वेगळा आणि बाजाराचा वेगळा. हे दुहेरी भावाचे राज्य थोड्याफार फरकाने २० वर्षे चालले. २०१७ च्या उन्हाळ्यात सरकारी भाव डॉलरला सुमारे ४,२०० सोम होता आणि काळ्या बाजारात सुमारे त्याच्या दुप्पट. निर्यातदाराने कमावलेल्या डॉलरपैकी निम्मे सरकारी भावाने बँकेला विकण्याची सक्ती होती.

आता हिशेब करून पाहा. कोणी १०० डॉलरचे कापड बाहेर विकले. बाजारभाव ८,००० सोम धरला तर त्याची खरी कमाई ८ लाख सोम. पण ५० डॉलर ४,२०० ने विकावे लागले, म्हणजे ४ लाखांऐवजी २ लाख १० हजार हातात आले. १ लाख ९० हजार गेले. जवळजवळ चौथाई माल फुकट गेला. कर अजून भरायचाच आहे. दुसरीकडे ज्याची ओळख वरपर्यंत आहे त्याला तोच डॉलर ४,२०० ला मिळतो. तो माल आणतो आणि ८,००० च्या हिशेबाने विकतो. कष्टाने निर्यात करणारा बुडतो आणि वशिल्याने आयात करणारा तरतो. अशा देशात निर्यात करण्याची इच्छा कोणाला होईल?

नोटांचेही तसेच. २०१३ पर्यंत सर्वांत मोठी नोट १,००० सोमची. लोक बाजाराला पिशव्या भरून नोटा नेत आणि नोटा मोजण्यातच दुकानदाराचा वेळ जाई.

२००२ मध्ये पाठीवर गठ्ठे वाहून परदेशातून माल आणणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांवर भारी जकात बसवली आणि सरहद्दी आवळल्या. सरकारचा हेतू होता देशी उद्योग वाचवण्याचा. झाले काय? चिनी माल घेऊन बसलेला शेजारचा किरगिझस्तान श्रीमंत झाला. तो देश १९९८ मध्येच जागतिक व्यापार संघटनेत गेला होता. बिश्केकचा दोर्दोय आणि सरहद्दीवरचा कारासू हे बाजार भरभराटीला आले, त्या मालावर तेथे शिलाईचा मोठा धंदा उभा राहिला. उझबेक गिऱ्हाईक चोरवाटेने तेथेच जाऊ लागले. माल यायचा तो आलाच, फक्त जकात सरकारला न मिळता सरहद्दीवरच्या शिपायाला मिळाली. नोव्हेंबर २००४ मध्ये व्यापाऱ्यांवरच्या नव्या नियमांविरुद्ध कोकंदच्या बाजारात लोक संतापून रस्त्यावर उतरले. बाजारातला माणूस स्वभावाने भांडखोर नसतो. त्याला भांडण परवडत नाही. तोही जेव्हा उठतो तेव्हा समजावे की पाणी गळ्याशी आले आहे.

शेजाऱ्याशी वैर, वाटेला काटे

जी गत चलनाची तीच शेजाऱ्यांची. १९९९ च्या फेब्रुवारीत ताश्कंदमध्ये बाँबस्फोट झाले. त्यानंतर ताजिकिस्तान आणि किरगिझस्तानच्या सरहद्दीवर सुरुंग पेरले गेले. त्यात गुरे मेली, माणसेही मेली. ताजिकिस्तानने रोगून येथे मोठे धरण बांधायचे ठरवले, तेव्हा आपल्या कापसाचे पाणी अडेल या धास्तीने उझबेकिस्तानने त्याची रेल्वे वाहतूक अडवली. ताश्कंद आणि दुशान्बे या दोन राजधान्यांमध्ये १९९२ पासून तब्बल २५ वर्षे विमान उडाले नाही. फरगाना खोऱ्यात एकाच घराण्याची माणसे दोन देशांत विभागलेली आहेत. लग्नाला, मयताला जायलाही परवानगीची वाट पाहावी लागे.

ज्या देशाला समुद्रासाठी शेजाऱ्याच्या दारातून जायचे आहे त्याने शेजाऱ्याच्या दारात काटे पेरावेत, याला काय म्हणावे? निसर्गाने एक कुलूप घातले होते. राज्यकर्त्यांनी त्यावर आणखी चार चढवली.

२०१७ नंतरचे वळण

करीमोव्ह यांच्यानंतर शौकत मिर्झियोयेव्ह राष्ट्राध्यक्ष झाले. ते बाहेरून आलेले नव्हेत. २००३ पासून १३ वर्षे तेच पंतप्रधान होते. म्हणून त्यांना फरिश्ता ठरवण्याची गरज नाही. पण केलेले काम नोंदवले पाहिजे.

५ सप्टेंबर २०१७ रोजी दोन भाव एक केले गेले. सरकारी भाव एका दिवसात ४,२०० वरून ८,१०० वर नेला. डॉलर सरकारला विकण्याची सक्ती उठवली. महागाई वाढली, लोकांना चटका बसला, पण व्यापाऱ्याला प्रथमच आपल्या मालाची खरी किंमत कळू लागली. त्याच महिन्यात किरगिझस्तानच्या ओश शहराजवळची मोठी चौकी उघडली. दुशान्बेचे विमान एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाले होतेच. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष स्वतः ताजिकिस्तानला गेले, बंद पडलेला रेल्वेमार्ग सुरू झाला, दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांचा अल्प मुदतीचा व्हिसा उठवला. रोगून धरणाला असलेला विरोध मवाळ झाला. सरहद्दीचे तंटे बोलून मिटू लागले आणि ३१ मार्च २०२५ रोजी खुजंद येथे उझबेक, किरगिझ आणि ताजिक या तिघांनी आपल्या तिन्ही सरहद्दी जेथे मिळतात त्या बिंदूवर सह्या केल्या.

यासाठी कोणते नवे बंदर लागले? कोणते नवे तंत्रज्ञान लागले? चौकीवरचा अडसर उचलावा लागला, बस्स. भूगोल बदलत नाही. धोरण बदलते.

मजुराचा घाम आणि मालाची इज्जत

उझबेक कापसावर आणखी एक डाग होता. कापूस वेचणीच्या मोसमात सरकार शाळेची मुले, विद्यार्थी, शिक्षक, दवाखान्यातले डॉक्टर आणि परिचारिका यांना सक्तीने शेतात पाठवी. मजुरी नावापुरती. शेतकऱ्यालाही ठरवून दिलेला कोटा सरकारला सरकारी भावाने द्यावा लागे आणि तो भाव जगाच्या भावापेक्षा पुष्कळ कमी असे.

जगात ही बातमी पसरली. ३०० हून अधिक नामांकित कंपन्यांनी उझबेक कापूस आपल्या कपड्यांत वापरणार नाही असे लेखी जाहीर केले. डिसेंबर २०११ मध्ये युरोपीय संसदेने याच कारणावरून उझबेकिस्तानशी होणारा कापडविषयक करार नाकारला. लहान मुलांची वेचणी आधी थांबली. २०१७ मध्ये विद्यार्थी आणि शिक्षकांना शेतातून परत बोलावले गेले. पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे निरीक्षक आले, कोट्याची सक्ती २०२० मध्ये उठली, वेचणीचा दर वाढला. मार्च २०२२ मध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला. तत्पूर्वी एप्रिल २०२१ पासून युरोपने बहुतेक मालाला जकातमाफी दिली होती.

आमच्या धंद्यातील काही मंडळींना वाटते की मजुराचे हक्क वगैरे गोष्टी म्हणजे गोऱ्या देशांनी आपला माल अडवण्यासाठी काढलेल्या खोड्या. कधी कधी त्यात तथ्यही असते. पण या प्रकरणात ज्याच्या हातून सक्तीने काम घेतले तो उझबेकच होता आणि सुटका झाली तीही त्याचीच. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, हे आपल्याला कोणी युरोपवाल्याने शिकवायला नको. हक्काची मजुरी न दिलेल्या मालात बरकत नसते हे आपले वडीलधारे सांगत. आता गिऱ्हाईकही तेच सांगते, एवढेच.

रुई विकावी की कापड?

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. १९९० च्या दशकात उझबेकिस्तान अमेरिकेखालोखाल जगातला मोठा रुई निर्यातदार होता. बांगलादेशच्या गिरण्या त्याच्या रुईवर सूत कातीत. आज तो रुई जवळजवळ बाहेर जाऊ देत नाही. जिनिंग, सूतगिरणी आणि शेत एकाच कंपनीच्या हाताखाली आणून तालुक्यांचे 'क्लस्टर' केले. सूत, विणलेले कापड आणि तयार कपडे यांची निर्यात अलीकडच्या वर्षांत सुमारे ३ अब्ज डॉलरच्या घरात आहे. रशिया, चीन, तुर्कस्तान ही मोठी गिऱ्हाइके.

भूवेष्टित देशाला हे गणित विशेष लागू पडते. रुईच्या गाठीला जागा जास्त आणि किंमत कमी. तेवढ्याच भाड्यात तयार कपडा नेला तर भाड्याचा बोजा किमतीच्या मानाने हलका होतो. वाट जितकी लांब, माल तितका किमती हवा. हे तत्त्व कबूल.

पण दुसरी बाजूही आहे. निर्यातीत अजून सुताचाच वाटा मोठा. सुतात नफा थोडा आणि चढउतार फार. आणि शेतकऱ्याचे काय? सरकारी कोटा गेला, पण पुष्कळ ठिकाणी त्याला आपल्या तालुक्याच्या क्लस्टरलाच कापूस द्यावा लागला. पैसे उशिरा मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. गिऱ्हाईक एकच असले की ते सरकार असो वा कंपनी, भाव तोच ठरवते.

महाराष्ट्राला हा अनुभव आहे. १९७२ मध्ये आपल्याकडे कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवण्याचा. परंतु चुकारे रखडले, शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्रीच्या रात्री गाड्या सरहद्द ओलांडू लागल्या, आणि तीसेक वर्षांनी मक्तेदारी मोडावी लागली. उझबेकिस्तानातही कोट्याच्या काळात कापूस असाच चोरून किरगिझस्तान, कझाकिस्तानात जाई. बोंडाला भाव कळतो, सरहद्द कळत नाही.

मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारने रुईच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली आणि शेतकऱ्यांचा ओरडा होताच आठवड्याभरात मागे घेतली. त्या वेळी यंत्रमागवाले एका बाजूला आणि कापूसवाले दुसऱ्या बाजूला झाले. आमचे मत असे की विणकराला स्वस्त सूत मिळावे ही मागणी रास्त आहे, पण ते शेतकऱ्याच्या खिशातून मिळू नये. मागावर सुधारणा, विजेचा दर, रंगाई आणि प्रोसेसिंगची सोय यांतून मिळावे. रुईला कुलूप लावून उभा केलेला कापड धंदा कुलूप निघताच बसतो.

मरगिलानचे कारीगर

कारीगर बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फरगाना खोऱ्यात मरगिलान नावाचे गाव रेशमासाठी प्रसिद्ध आहे. ताण्याचे धागे आधी बांधून, रंगात बुडवून मग मागावर चढवतात. नक्षीच्या कडा ढगासारख्या विरघळल्यासारख्या दिसतात, म्हणून त्या कलेचे नावच 'अब्र'वरून पडले आहे. अब्र म्हणजे ढग, हे उर्दू जाणणाऱ्याला सांगायला नको. संपूर्ण रेशमी असतो तो अतलस. रेशमी ताणा आणि सुती बाणा असतो तो अद्रस. आपल्याकडचा मश्रू असाच रेशीम-सुताचा. औरंगाबादच्या हिमरूतही रेशीम आणि सूत यांचाच मेळ आहे.

सोव्हिएत काळात कारखान्याच्या कापडाने हातमाग मागे पडला. स्वातंत्र्यानंतर मरगिलानच्या उस्तादांनी तरुण मुलामुलींना पुन्हा शिकवायला घेतले. २०१७ मध्ये युनेस्कोने मरगिलानच्या कारीगरी केंद्राला कला जतनाचा आदर्श म्हणून आपल्या यादीत स्थान दिले. आज अद्रसचे थान जगभरच्या फॅशनवाल्यांकडे जाते. वजन हलके, किंमत भारी. दोन देश ओलांडून जाण्याचे भाडे रुईला जड जाते, अद्रसला जात नाही. हुन्नर ही अशी जिन्नस आहे की तिला बंदराची गरज सर्वांत कमी.

चार दिशांच्या चार वाटा

उझबेकिस्तानने आता एका वाटेवर विसंबायचे नाही असे ठरवलेले दिसते. उत्तरेची वाट कझाकिस्तानातून रशियाकडे. तीच जुनी आणि वहिवाटीची. लाखो उझबेक मजूर रशियात राबून घरी पैसा पाठवतात, आणि ऑक्टोबर २०२३ पासून एके काळचा हा गॅस विकणारा देश रशियाकडून गॅस घेतो आहे. तरीही रशियाच्या आर्थिक संघात तो पूर्ण सदस्य झाला नाही, डिसेंबर २०२० पासून निरीक्षक म्हणून दारात बसला आहे. पूर्वेला चीन. चीन, किरगिझस्तान, उझबेकिस्तान असा रेल्वेमार्ग २५ वर्षे कागदावर होता. जून २०२४ मध्ये करार झाला, डिसेंबर २०२४ मध्ये कामाचा नारळ फुटला. पश्चिमेला कॅस्पियन ओलांडून बाकू, तिबिलिसी आणि तुर्कस्तान.

आणि दक्षिणेला अफगाणिस्तान. तिरमिझचा अमू नदीवरचा पूल १९८२ मध्ये सोव्हिएत फौजेसाठी बांधला, १९८९ मध्ये त्याच पुलावरून ती फौज परतली. आज त्यावरून पीठ, सिमेंट आणि तेलाच्या वाघिणी जातात. मजार-ए-शरीफपर्यंत रेल्वे उझबेकांनीच टाकली. काबूलला वीजही ते पुरवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची सत्ता बदलली तरी त्यांनी व्यापार तोडला नाही. काबूलहून पेशावरपर्यंत रेल्वे नेऊन कराचीच्या समुद्राला मिळण्याचा आराखडा फेब्रुवारी २०२१ मध्ये तिन्ही देशांनी मान्य केला. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्यात चकमकी झाल्या आणि तोरखम व चमन या चौक्या व्यापाराला बंद झाल्या. सफरचंदे आणि डाळिंबे ट्रकमध्येच सडली. दोन शेजारी भांडले की तिसऱ्याची वाट बुडते, ती अशी.

यात आपल्या देशालाही विचार करण्यासारखे आहे. सात हजार किलोमीटरहून अधिक किनारा असूनही मध्य आशियाच्या दिशेने आपण भूवेष्टितच आहोत. पाकिस्तानातून आपल्या मालाला जमिनीवरची सरळ वाट नाही. म्हणून इराणच्या चाबहार बंदरावर भारताने पैसा आणि श्रम घातले, डिसेंबर २०२० मध्ये भारत, इराण आणि उझबेकिस्तान यांची त्यावर एकत्र बैठक झाली. पण इराणवर अमेरिकेच्या निर्बंधांची तलवार टांगलेली असते. समरकंदला पाठवायच्या मालाची वाट वॉशिंग्टनच्या मर्जीवर असावी, हा तिढा एकट्या उझबेकांचा नाही.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, भाव एक असावा. सरकारी एक आणि बाजाराचा एक असे दोन भाव झाले की कष्टाळू व्यापारी मरतो आणि दलाली माजते. हे देशाला खरे आणि पेढीलाही खरे.

दुसरी, शेजाऱ्याशी सलोखा ही नुसती नेकी नाही, ती भांडवल आहे. फरगानाच्या चौकीवर अडसर उचलला त्या दिवशी जी उलाढाल सुरू झाली ती कोणत्याही अनुदानाने झाली नसती. पण हा सलोखा आज तीन-चार राष्ट्राध्यक्षांच्या मैत्रीवर उभा आहे. तो पक्क्या करारांवर आणि कायद्यावर उभा राहिला नाही तर खुर्ची बदलताच अडसर पुन्हा पडेल. जागतिक व्यापार संघटनेसाठी उझबेकिस्तानने १९९४ मध्ये अर्ज केला होता आणि २०२४ सरले तरी सदस्यत्व हाती आलेले नव्हते. नियमांत बांधून घेणे किती अवघड असते ते यावरून कळावे.

तिसरी, एका गिऱ्हाइकावर, एका वाटेवर, एका मालावर जो विसंबला तो संपला. आमच्यातील किती मागवाले एकाच शेठच्या सुतावर आणि त्याच शेठच्या खरेदीवर जगतात! सूत तो देतो, भाव तो ठरवतो, उधारीही त्याचीच. बंदर दोन-तीन तासांच्या अंतरावर असूनही तो विणकर भूवेष्टितच आहे. त्याची सरहद्द शेठच्या वहीत आहे. चारदोन मागवाल्यांनी मिळून सूत घेतले, स्वतःचा एखादा माल स्वतःच्या नावाने विकला, तर दुसरी वाट उघडते. उझबेकिस्तानने चार वाटा शोधल्या त्या काही शौक म्हणून नव्हेत.

चौथी आणि शेवटची, हुन्नर आणि मजुरी यांची कदर. हिमरूचे माग एकेक करून थंडावत आहेत आणि आपली मुले पॅकिंगच्या कामावर जात आहेत. मरगिलानच्या उस्तादांनी सरकारची वाट न पाहता शिकवायला सुरुवात केली, सरकार आणि युनेस्को नंतर आले. आमच्या शहरांतील अंजुमनांनी आणि व्यापारी मंडळींनी शाळा-मदरशांच्या इमारतींवर पुष्कळ खर्च केला आहे, तो योग्यच आहे. त्यातला थोडा वाटा मागावर बसणाऱ्या उस्तादाच्या पगारासाठी निघाला तर पुढच्या पिढीजवळ दूरच्या वाटेला परवडेल असा माल तरी राहील.